चाकांवरच्या घराला बाहेरची बॅटरी : बसते, पण जुळते का?

अमेरिकेत स्थायिक झालेल्या नातलगांकडे जाऊन आलेल्या मंडळींना ‘आरव्ही’ हा शब्द आता नवखा राहिलेला नाही. रिक्रिएशनल व्हेइकल असे पूर्ण नाव असलेले हे वाहन म्हणजे चाकांवरचे घरच. त्यात झोपण्याची सोय असते, ओटा असतो, फ्रीज असतो, न्हाणीघरही असते. काही आरव्ही स्वतःच्या इंजिनावर चालतात, तर काही ट्रकच्या मागे जोडून ओढून न्याव्या लागतात. इंडियाना राज्यातील एल्कहार्ट हे शहर आणि त्याचा परिसर या उद्योगाचे माहेरघर मानला जातो. सुट्टीत असे वाहन घेऊन ग्रँड कॅन्यन किंवा योसेमिटीच्या वाटेला लागणारी कुटुंबे आणि निवृत्तीनंतर वर्षातील कित्येक महिने त्यातच राहणारी जोडपी, असा दोन्ही प्रकारचा वर्ग तेथे आढळतो.

या घराचा प्राण पायरीखाली, पलंगाखाली किंवा जोडदांडीवरच्या खोक्यात दडलेल्या बॅटरीत असतो. गाडी कंपनीने बसवून दिलेली बॅटरी काही वर्षांत थकते आणि मालक बाजारात नवी शोधू लागतो. तेथे मूळ कंपनीच्या बॅटरीबरोबरच अन्य कंपन्यांच्या, तुलनेने पुष्कळ स्वस्त अशा लिथियम बॅटऱ्यांची रांग लागलेली असते. काही वर्षांपूर्वी हजार डॉलरच्या घरात असलेली १०० अँपिअर-तासांची लिथियम बॅटरी आता काही कमी परिचित ब्रँड तीनशे डॉलरच्या आत देतात. साहजिकच प्रश्न पडतो : ही बाहेरची बॅटरी आपल्या गाडीत चालेल का? ‘जुनी काढा, ही ठेवा’, हे विक्रेत्याचे ठरलेले उत्तर. ते अर्धे खरे आहे. बॅटरी खोक्यात बसते, तारा जोडल्या जातात, दिवेही लागतात. पण बॅटरी बसणे आणि बॅटरी जुळणे या दोन निराळ्या गोष्टी आहेत. त्यांतील अंतर कळते ते पुष्कळदा गावापासून दूर, थंडीच्या रात्री, सोबत लहान मुले असताना. म्हणून ते आधीच समजून घेतलेले बरे.

एका गाडीत दोन वीजयंत्रणा

आरव्हीमध्ये दोन प्रकारची वीज नांदत असते. दिवे, पाण्याचा पंप, हीटरचा पंखा आणि गॅसगळतीची सूचना देणारे उपकरण १२ व्होल्टच्या एकदिश प्रवाहावर चालतात. मायक्रोवेव्ह, वातानुकूलन यंत्र आणि भिंतीतील प्लग १२० व्होल्टच्या प्रत्यावर्ती प्रवाहावर चालतात. गाडी वीजजोडणी असलेल्या तळावर उभी असेल, तर ३० किंवा ५० अँपिअरच्या जाड केबलने बाहेरची वीज आत येते. कन्व्हर्टर नावाचे यंत्र तिचे १२ व्होल्टमध्ये रूपांतर करते आणि बॅटरीही भारते. गाडी रानात उभी असेल, तर काम उलटे होते. बॅटरीतील १२ व्होल्टपासून १२० व्होल्ट तयार करण्याचे काम इन्व्हर्टर करतो.

बॅटरी भारण्याचे मार्गही एकाहून अधिक असतात. तळावरची वीज किंवा जनरेटर, छतावरचे सौर पॅनेल आणि चालत्या इंजिनाचा अल्टरनेटर अशी ही तीन दारे. यांतील प्रत्येक दारावर एक नियंत्रक बसलेला असतो आणि मूळ बॅटरीच्या स्वभावानुसार त्याचे आकडे कारखान्यातच ठरवलेले असतात. नवी बॅटरी घालणे म्हणजे या सर्व नियंत्रकांच्या गृहीतकांना हात लावणे होय. एका दारावर जुळलेली बॅटरी दुसऱ्या दारावर अडते ती यामुळेच.

स्वभाव दोन रसायनांचे

शिसे-आम्ल बॅटरी फ्रेंच शास्त्रज्ञ गास्ताँ प्लांते यांनी १८५९ मध्ये तयार केली. आपल्याकडच्या घरगुती इन्व्हर्टरखाली असते आणि जिच्यात अधूनमधून डिस्टिल्ड वॉटर घालावे लागते, ती याच कुळातील. तिच्यात सहा सेल असतात आणि पूर्ण भरल्यावर विश्रांतीच्या स्थितीत ती सुमारे १२.७ व्होल्ट दाखवते. निम्म्याहून अधिक रिकामी केल्यास तिचे आयुष्य झपाट्याने घटते. म्हणून १०० अँपिअर-तासांपैकी ५० च हिशेबात धरावेत, असा प्रघात आहे.

आरव्हीसाठी विकल्या जाणाऱ्या बहुतेक लिथियम बॅटऱ्या लिथियम-लोह-फॉस्फेट या प्रकारच्या असतात. टेक्सास विद्यापीठात जॉन गुडइनफ यांच्या मार्गदर्शनाखाली झालेल्या आणि १९९७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनातून हे द्रव्य पुढे आले. त्या शोधनिबंधाचे पहिले लेखक अक्षय पाढी हे भारतीय वंशाचे संशोधक होत. लिथियम-आयन बॅटरीवरील कार्यासाठी गुडइनफ यांना २०१९ मध्ये रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक विभागून मिळाले. २०२३ मध्ये त्यांचे निधन झाले. मोबाइलमध्ये वापरल्या जाणाऱ्या कोबाल्टयुक्त बॅटरीपेक्षा ही जात उष्णतेला अधिक दाद देत नाही, म्हणून वाहनातील घरासाठी ती पसंत केली जाते.

तिच्यात चार सेल असतात आणि नाममात्र विद्युतदाब १२.८ व्होल्ट असतो. क्षमतेचा बहुतेक भाग वापरता येतो. वजन शिसे-आम्ल बॅटरीच्या निम्म्याहून कमी भरते आणि भरण्या-रिकामे होण्याची आवर्तने हजारोंच्या संख्येत मिळतात. हे सारे गुण खरे आहेत. मात्र तिचा विद्युतदाब रिकामी होत असताना फारसा बदलत नाही. जेमतेम एक-पंचमांश वीज उरली असतानाही ती १२.९ व्होल्टच्या आसपास दाखवू शकते. गाडीच्या भिंतीवर चार दिव्यांचा जो जुना दर्शक असतो, तो शिसे-आम्ल बॅटरीच्या हिशेबाने आखलेला असल्याने ‘बॅटरी पूर्ण भरलेली आहे’ असेच सांगत राहतो. मग कोणतीही पूर्वसूचना न देता घरात अंधार होतो. म्हणजे बॅटरी बदलली की दर्शकही बदलावा लागतो. बॅटरीत किती प्रवाह गेला आणि तिच्यातून किती निघाला याची बेरीज-वजाबाकी ठेवणारा, शंटवर आधारित मापक हा त्यावरचा उपाय आहे.

भारण्याचे आकडे

जुळणीची पहिली कसोटी विद्युतदाबाची. लिथियम-लोह-फॉस्फेट बॅटरी पूर्ण भरण्यासाठी साधारणतः १४.२ ते १४.६ व्होल्ट मागते. नेमका आकडा उत्पादकाच्या पुस्तिकेत दिलेला असतो. जुने कन्व्हर्टर बराच काळ १३.६ व्होल्टवर थांबतात. त्यावर लिथियम बॅटरी भरतच नाही असे नव्हे, पण शेवटचा टप्पा फार रेंगाळतो. शिवाय आतील चारही सेल एका पातळीवर आणण्याचे काम बहुतेक बॅटऱ्यांत भरण्याच्या अगदी अखेरीस, वरच्या विद्युतदाबावर होते. तेथवर कधी पोहोचलेच नाही, तर सेलमधील असमतोल महिनोन्‌महिने साठत जातो. एके दिवशी चारांपैकी एक सेल आधी भरतो किंवा आधी रिकामा होतो आणि साऱ्या बॅटरीला थांबवतो. मालकाला वाटते, बॅटरी वाईट निघाली. प्रत्यक्षात कन्व्हर्टर जुना असतो.

याच्या उलट धोका जास्त विद्युतदाबाचा. शिसे-आम्ल बॅटरीच्या देखभालीसाठी काही चार्जर ठरावीक काळाने १५ व्होल्टच्या वर जाऊन समकरणाचे आवर्तन चालवतात. ही सोय लिथियम बॅटरीसाठी बंदच ठेवावी लागते. त्याचप्रमाणे थंडीत विद्युतदाब आपोआप वाढवणारी तापमान-भरपाईची सोयही बंद करावी लागते. शिसे-आम्ल बॅटरीसाठी ही भरपाई दर सेलला, दर अंश सेल्सिअसला सुमारे ४ मिलिव्होल्ट धरली, तर उणे १० अंशांवर २५ अंशांच्या तुलनेत सहा सेलमिळून ०.८४ व्होल्टची भर पडते. १४.४ चे १५.२ होतात आणि लिथियम बॅटरीची संरक्षक यंत्रणा दार बंद करून घेते. सौर नियंत्रकातील ही दोन कलमे कुणी पाहतच नाही, म्हणून त्यांचा येथे मुद्दाम उल्लेख केला आहे.

इंजिनाकडून येणारी वीज

दुसरी कसोटी अल्टरनेटरची. शिसे-आम्ल बॅटरी भरत आली की तिचा अंतर्गत विरोध वाढतो आणि ती प्रवाह कमी घेऊ लागते. लिथियम बॅटरीचा अंतर्गत विरोध अत्यल्प असतो. जितका प्रवाह मिळेल तितका ती जवळजवळ शेवटपर्यंत ओढत राहते. अल्टरनेटरवर लिहिलेला आकडा सतत आणि तासन्‌तास देण्याचा नसतो. गाडी जागेवर उभी राहून इंजिन मंद गतीने चालत असेल, तर अल्टरनेटरचा पंखाही मंद फिरतो आणि त्याच वेळी बॅटरी पूर्ण जोराने वीज मागत असते. अशा स्थितीत अल्टरनेटर तापून निकामी होऊ शकतो.

मोटारहोममध्ये इंजिनाची बॅटरी आणि घराची बॅटरी यांच्यामध्ये एक रिले असतो. विद्युतदाब सुमारे १३.३ व्होल्टवर गेला म्हणजे इंजिन सुरू आहे असे समजून काही रिले दोन्ही बॅटऱ्या जोडतात आणि तो १२.८ पर्यंत उतरला की तोडतात. शिसे-आम्लासाठी हा हिशेब चोख आहे. लिथियम बॅटरी मात्र नुसती स्वस्थ बसली असतानाही १३.३ च्या आसपास असते. इंजिन बंद असतानाही रिले जोडलेलाच राहतो आणि घरच्या बॅटरीतील वीज इंजिनाच्या बॅटरीकडे वाहत राहते. याचे उत्तर म्हणजे दोहोंमध्ये डीसी-टू-डीसी चार्जर बसवणे. तो २० ते ६० अँपिअरची मर्यादा घालतो, लिथियमला हवा तो विद्युतदाब देतो आणि इंजिन बंद होताच जोडणी तोडतो. ट्रकमागे ओढल्या जाणाऱ्या आरव्हीत प्रश्न उलट असतो. सात पिनांच्या जोडणीतील तार लांब आणि बारीक असल्याने विद्युतदाब वाटेतच गळतो आणि दिवसभर प्रवास करूनही बॅटरीत फारशी भर पडत नाही.

मागणी किती, परवानगी किती

तिसरी कसोटी प्रवाहाची. लिथियम बॅटरीच्या आत एक बॅटरी व्यवस्थापन यंत्रणा असते. बीएमएस या नावाने ओळखली जाणारी ही यंत्रणा प्रत्येक सेलवर नजर ठेवते आणि ठरलेली मर्यादा ओलांडली की प्रवाह तोडते. १०० अँपिअर-तासांच्या पुष्कळ बॅटऱ्यांत सतत १०० अँपिअरची मर्यादा असते.

आता हिशेब पाहा. मायक्रोवेव्हवर १००० वॅट लिहिलेले असले तरी ती शिजवण्याची शक्ती असते. प्रत्यक्षात तो सुमारे १५०० वॅट ओढतो. इन्व्हर्टरची कार्यक्षमता ९० टक्के धरली, तर १२.८ व्होल्टच्या बॅटरीकडून सुमारे १३० अँपिअर घ्यावे लागतात. बॅटरी पूर्ण भरलेली असूनही मायक्रोवेव्ह लावताच घरातील सारी वीज जाईल. २००० वॅटच्या इन्व्हर्टरला पूर्ण भारावर सुमारे १७५ अँपिअर लागतात, म्हणजे अशा किमान दोन बॅटऱ्या समांतर जोडाव्या लागतील. वातानुकूलन यंत्र सुरू होताना क्षणभर याहूनही मोठा झटका देते. तो झटका बॅटरी किती सेकंद सोसते, हे तिच्या तपशीलपत्रात पाहावे लागते. जुनी शिसे-आम्ल बॅटरी अशा वेळी कण्हत का होईना, चालत राही. लिथियम बॅटरी कण्हत नाही, थेट थांबते.

हे थांबणे इंजिन सुरू असताना घडले, तर आणखी एक संकट उद्‌भवते. पूर्ण प्रवाह देत असलेल्या अल्टरनेटरची बॅटरी अचानक सुटली, तर विद्युतदाबाची उसळी येते आणि अल्टरनेटरमधील डायोड जळू शकतात. वाहनातील अन्य इलेक्ट्रॉनिक उपकरणांनाही तिचा फटका बसतो. इंजिनाची बॅटरी यंत्रणेत जोडलेली राहिल्यास ती उसळी बरीचशी शोषली जाते. संपूर्ण यंत्रणा एकाच लिथियम बॅटरीवर टाकू नये, असे सांगितले जाते त्यामागे हे कारण आहे.

थंडीची परीक्षा

ॲरिझोनातील क्वार्ट्‌झसाइट या वाळवंटी गावाभोवती हिवाळ्यात हजारो आरव्ही मुक्कामाला येतात. सरकारी जमिनीवर, वीजजोडणीविना, सौर पॅनेलच्या भरवशावर तेथे महिनोन्‌महिने राहता येते. तेथील हवा सौम्य असते. पण याच गाड्या उत्तरेकडे कोलोरॅडो किंवा मोंटानाकडे निघाल्या की प्रश्न बदलतो. लिथियम-लोह-फॉस्फेट बॅटरी शून्य अंशाखालीही वीज देऊ शकते, मात्र शून्याखाली ती भारू नये. तसे केल्यास लिथियम ऋणाग्राच्या आत शिरण्याऐवजी त्याच्या पृष्ठभागावर धातूच्या रूपाने साचते. क्षमतेची ही हानी भरून येत नाही आणि सेलच्या आत शॉर्ट होण्याचा धोकाही वाढतो.

चांगली बीएमएस थंडीत भारणे आपोआप रोखते. काही बॅटऱ्यांत स्वतःला ऊब देणारी सोयही असते. स्वस्त बॅटऱ्यांपैकी काहींमध्ये मात्र तापमानाची ही राखण नसते, आणि बाहेरून पाहून ते ओळखता येत नाही. सकाळी ऊन पडताच छतावरचे पॅनेल गोठलेल्या बॅटरीत वीज ढकलू लागते आणि मालक आत निजलेला असतो. ज्या बॅटरीच्या तपशीलपत्रात थंडीतील भारण-मर्यादेचा स्पष्ट उल्लेख नाही, ती बर्फाळ प्रदेशात नेऊ नये. जोडदांडीवरच्या उघड्या खोक्यातील शिसे-आम्ल बॅटरीच्या जागी लिथियम घालणाऱ्यांनी तर ती घराच्या आत हलवता येईल का, याचाही विचार करावा. शिसे-आम्ल बॅटरीतून हायड्रोजन बाहेर पडत असल्याने तिला हवेशीर, बाहेरची जागा लागत असे. लिथियमला ती अट नाही.

जुन्यात नवी नको

एक जुनी शिसे-आम्ल आणि एक नवी लिथियम, अशी जोडी लावून पैसे वाचवण्याचा मोह अनेकांना होतो. दोघींचे भरण्याचे आणि रिकामे होण्याचे विद्युतदाब भिन्न असल्याने हे मिश्रण टाळावे. दोन लिथियम बॅटऱ्या समांतर जोडतानाही त्या एकाच कंपनीच्या, एकाच क्षमतेच्या आणि शक्यतो एकाच वेळी घेतलेल्या असाव्यात. जोडण्यापूर्वी दोन्ही स्वतंत्रपणे पूर्ण भराव्यात. धन तार एका टोकाच्या बॅटरीवरून आणि ऋण तार दुसऱ्या टोकाच्या बॅटरीवरून घ्यावी, म्हणजे भार समान वाटला जातो. एकापुढे एक जोडून २४ किंवा ४८ व्होल्ट करावयाचे असतील, तर उत्पादकाने तशी परवानगी दिली आहे का आणि किती बॅटऱ्यांपर्यंत, हे वाचल्याशिवाय पुढे जाऊ नये. बीएमएसमधील इलेक्ट्रॉनिक स्विच ठरावीक विद्युतदाबापर्यंतच टिकतात.

जेथे बॅटरीला बोलावे लागते

आतापर्यंत सांगितलेली जुळणी आकड्यांची होती. नव्या, महागड्या आरव्हींमध्ये त्यापुढची एक पायरी असते. ४८ व्होल्टच्या काही एकत्रित यंत्रणांत बॅटरी, इन्व्हर्टर आणि सौर नियंत्रक कॅन-बस नावाच्या संदेशवाहिनीवर सतत संवाद करतात. मला किती विद्युतदाब चालेल, किती प्रवाह घेता येईल, किती देता येईल, हे बॅटरी क्षणोक्षणी कळवते आणि चार्जर त्याप्रमाणे वागतो. थंडी वाढली किंवा एखादा सेल आधी भरला, तर बॅटरी दार आपटून बंद करण्याऐवजी ‘जरा हळू’ असा निरोप पाठवते. सारी यंत्रणा त्यामुळे सुरक्षित राहते.

अशा यंत्रणेत बाहेरची बॅटरी घातली, तर तीन शक्यता संभवतात. पहिली, दोघींची संदेशांची भाषा एकच असते आणि सारे सुरळीत चालते. नेदरलँड्समधील व्हिक्ट्रॉन कंपनी आपल्या यंत्रणेशी जुळणाऱ्या अन्य कंपन्यांच्या बॅटऱ्यांची आणि त्यांच्या जोडणीची माहिती उघडपणे प्रसिद्ध करते. ही पद्धत अनुकरणीय आहे. दुसरी शक्यता अशी की, भाषा जुळत नाही, पण यंत्रणा केवळ विद्युतदाबावर चालवण्याची मुभा असते. तेव्हा सर्व मर्यादा हाताने भराव्या लागतात आणि ‘जरा हळू’ हा निरोप मिळत नाही. तिसरी शक्यता, यंत्रणा अनोळखी बॅटरी स्वीकारतच नाही. केवळ प्लगचा आकार एक आहे किंवा दोन्हीकडे कॅन-बस आहे, एवढ्यावरून भाषा एक आहे असे मानता येत नाही.

गाडी उत्पादकांचाही कल आपल्या हातातील बॅटरीकडे आहे. विनेबागो या मूळच्या आयोवा राज्यातील जुन्या कंपनीने २०२३ मध्ये लिथिओनिक्स ही बॅटरी उत्पादक कंपनीच विकत घेतली. एकाच घरातून सर्व भाग आले, तर ते परस्परांशी जुळलेले येतात, हा ग्राहकाचा लाभ आहे. पण उद्या ती विशिष्ट बॅटरी बनणे बंद झाले, तर काय घालायचे, हा प्रश्नही त्यातून उभा राहतो. गाडी वीस वर्षे चालते, बॅटरीचे मॉडेल तितके टिकत नाही. म्हणून गाडी विकत घेतानाच यंत्रणा बंद आहे की खुली, हे विचारून ठेवावे.

तार आणि फ्यूज

बॅटरी बदलताना तार आणि फ्यूज तसेच ठेवणे ही सर्वाधिक धोक्याची काटकसर आहे. शॉर्ट झाल्यास लिथियम बॅटरी क्षणात हजारो अँपिअर सोडू शकते. इतका प्रवाह तोडण्याची ताकद प्रत्येक फ्यूजमध्ये नसते. मोटारीतील साधा पात्यासारखा फ्यूज सुमारे १००० अँपिअरपर्यंतचा, एएनएल प्रकारचा फ्यूज सुमारे ६००० अँपिअरपर्यंतचा, तर क्लास-टी प्रकारचा २०,००० अँपिअरपर्यंतचा प्रवाह तोडू शकतो. म्हणून लिथियम बॅटरीच्या धन टोकाजवळच क्लास-टी फ्यूज बसवण्याची शिफारस केली जाते. त्याचा आकडा तारेच्या जाडीनुसार ठरतो, कारण फ्यूजचे काम तारेला वाचवण्याचे आहे.

ढिल्या जोडणीचेही तसेच. एखाद्या टोकाला केवळ ५ मिलिओहम विरोध उरला आणि त्यातून १५० अँपिअर प्रवाह गेला, तर त्या एका ठिकाणी ११२ वॅट उष्णता निर्माण होते. लाकूड आणि फोमने भरलेल्या घरात, पलंगाखाली, एवढी उष्णता कशी चालेल? रस्त्यावरच्या हादऱ्यांनी नट सैल होतात. उत्पादकाने सांगितलेल्या मापाने पाना लावून ते घट्ट करणे आणि प्रवासापूर्वी तपासणे हे टाळता येण्यासारखे काम नाही.

हमी आणि कायदा

‘बाहेरची बॅटरी घातली तर गाडीची हमी रद्द’, असे अनेक मालकांना ऐकवले जाते. अमेरिकेत १९७५ च्या मॅग्नसन-मॉस हमी कायद्यानुसार, विशिष्ट ब्रँडचाच भाग वापरला पाहिजे अशी अट हमीला सर्वसाधारणपणे घालता येत नाही. तो भाग विनामूल्य दिला जात असेल किंवा फेडरल ट्रेड कमिशनने सूट दिली असेल, तरच अशी अट चालते. याच मुद्द्यावर कमिशनने २०२२ मध्ये मोटारसायकल बनवणारी हार्ले-डेव्हिडसन आणि वेस्टिंगहाउस नावाने जनरेटर विकणारी कंपनी यांच्यावर कारवाई केली होती.

मात्र या कायद्याचा अर्थ नीट समजून घ्यावा. बाहेरच्या बॅटरीमुळे अल्टरनेटर जळला असे कंपनीने दाखवून दिले, तर त्या अल्टरनेटरची भरपाई ती नाकारू शकते. कायदा तुमच्या निवडीचे रक्षण करतो, तुमच्या चुकीचे नाही. बॅटरीच्या स्वतःच्या हमीतही अनेकदा अटी असतात. चार्जर अमुक विद्युतदाबाचा असावा, अल्टरनेटरला थेट जोडणी नसावी, अशा त्या अटी. दहा वर्षांची हमी देणारी कंपनी दहा वर्षे टिकेल का, हा प्रश्नही गैर ठरू नये.

प्रमाणपत्रांबाबतही असाच गोंधळ असतो. यूएन ३८.३ ही लिथियम बॅटरीच्या वाहतुकीतील सुरक्षिततेची चाचणी आहे. वापरातील दर्जाची ती हमी नव्हे. वाहनातील साहाय्यक विजेसाठीच्या बॅटऱ्यांना लागू होणारे यूएल १९७३ हे मानक अधिक उपयोगी पडते. क्षमतेची खात्री तर घरीही करता येते. पूर्ण भरलेल्या १०० अँपिअर-तासांच्या बॅटरीवर २० अँपिअरचा भार ठेवला, तर ती पाच तास चालली पाहिजे. परत करण्याची मुदत संपण्यापूर्वी ही चाचणी करून घेणे शहाणपणाचे.

आपल्याकडे

महाराष्ट्र सरकारने २०२१ मध्ये कॅरॅव्हॅन पर्यटनाचे धोरण जाहीर केले. मोटार कॅरॅव्हॅनसाठी देशात एआयएस-१२४ हे वाहन मानक आहे. आपल्याकडे १२० ऐवजी २३० व्होल्टची वीज आहे आणि कोकण किंवा विदर्भात फिरणाऱ्या कॅरॅव्हॅनला शून्याखालच्या थंडीऐवजी उन्हाळ्याची चिंता अधिक. उन्हात उभ्या गाडीतील बंद कप्प्यात बॅटरीचे तापमान कोठवर जाते, हे येथे पाहावे लागेल. बाकीचे नियम तेच आहेत. घरातील इन्व्हर्टरखालची शिसे-आम्ल बॅटरी काढून लिथियम घालू पाहणाऱ्या पुणे-मुंबईकरांनाही ते तसेच लागू पडतात. इन्व्हर्टरमध्ये लिथियमची निवड करण्याची सोय आहे का, हा पहिला प्रश्न त्यांनीही विचारावा.

खरेदीपूर्वी

बाहेरची बॅटरी घेण्याआधी कागदावर दोन रकाने आखावेत. एका रकान्यात बॅटरीच्या तपशीलपत्रातील आकडे लिहावेत : भारण्याचा विद्युतदाब, भारण्याचा कमाल प्रवाह, सतत देता येणारा प्रवाह, क्षणिक झटक्याची मर्यादा, भारण्याचे किमान तापमान, समांतर व एकसर जोडणीची परवानगी आणि संदेशांची भाषा. दुसऱ्या रकान्यात गाडीतील कन्व्हर्टर, सौर नियंत्रक, अल्टरनेटरची जोडणी, इन्व्हर्टर, तारा आणि फ्यूज यांचे आकडे लिहावेत. प्रत्येक ओळ जुळली, तर बॅटरी कोणत्याही कंपनीची असो, ती निःशंकपणे घ्यावी. एखादी ओळ जुळत नसेल, तर ती जुळवण्याचा खर्च बॅटरीच्या किमतीत मिळवून पाहावा. नवा कन्व्हर्टर, डीसी-टू-डीसी चार्जर, मापक आणि फ्यूज यांची बेरीज केल्यावरही बाहेरची बॅटरी अनेकदा परवडते. कधीकधी मात्र मूळ कंपनीची महाग वाटणारी बॅटरीच स्वस्त ठरते.

आणि ज्या ओळीसमोर विक्रेत्याकडे आकडाच नाही, केवळ ‘चालेल’ हा शब्द आहे, ती बॅटरी दुकानातच राहू द्यावी.